बेळगावहून थारच्या वाळूत : कॅम्पर आणि बाइक घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला आम्ही जैसलमेरजवळ, डांबरी रस्त्यापासून फार तर साठ पावलांवर, कॅम्पर रुतवला. "एवढ्यानं काय होतंय," म्हणत चौघांनी मिळून रुतवला, त्यामुळे दोष कुणा एकाचा नाही. चाकं फिरवत गेलो तशी ती खाली खाली गेली. शेवटी दाराची पायरीच वाळूला टेकली. जवळच्या ढाणीवरनं, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीवरनं, एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधायच्या आधी तो आमच्या टायरांपाशी उकिडवा बसला आणि बाभळीची काटकी वॉल्वमध्ये खुपसून प्रत्येक टायरची हवा सोडत गेला. मग दहा मिनिटांत गाडी बाहेर! आम्ही तोवर दोन तास फावडं चालवत होतो.

दुसऱ्या खेपेला असं काही झालं नाही, कारण सगळा विचार बेळगावातच करून निघालो होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून कुणी पहिल्यांदा जात असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. झोपायची गाडी वेगळी, खेळायची वेगळी

सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, संडास. भरल्यावर त्याचं वजन तीन-चार टनांच्या घरात जातं. ते डांबरावर आणि घट्ट मुरमावरच राहील. वाळूत जातील त्या बाइक. ज्याच्याकडे फोर बाय फोर आहे त्यानं ती न्यावी, पण तिच्यातच झोपायचं आणि तिनंच टेकड्या चढायच्या असा बेत करू नये. ती अडकली की घरही अडकतं.

खरं सांगायचं तर पहिल्याच ट्रिपला कॅम्पर हवाच असं नाही. एक पिकअप, दोन तंबू आणि जाड रजया एवढ्यावरही भागतं. पण घरची मंडळी बरोबर असतील, विशेषतः लहान मुलं, तर कॅम्परचा संडास हीच सगळ्यात मोठी सोय ठरते.

२. कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्चनंतर ऊन सोसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवसा आपल्या हिवाळ्यासारखंच वाटतं, पण रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. बेळगावची थंडी आपल्याला सवयीची असली तरी ही तशी नाही. उघड्यावर ती वाऱ्याबरोबर अंगात शिरते. सूर्यही उशिरा उगवतो, डिसेंबरअखेर सव्वासातनंतर. त्यामुळे "पहाटे सहाला बाइक काढू" हे बेळगावात बसून ठरवलेलं तिथे पाळलं जात नाही.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. माघ पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरात मरू महोत्सव असतो. बघायला छान, पण तळ टाकायला शांत जागा मिळत नाही.

३. कॅम्पर कुठून आणायचा

भाड्यानं घ्यायचा तर बंगळूर, पुणे किंवा मुंबईकडे बघावं लागतं. बहुतेक जण चालकासह देतात. घेताना तीन गोष्टी पाहा.

नंबरप्लेट. चालकासह भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी हवी आणि स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी "ओळखीत देतो" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न पाटीचाच विचारते.

परवाना. चार राज्यांतून जायचं आहे: कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थान. शिवाय दादरा-नगर हवेली व दमणच्या कडेनं जाताना चुकून आत शिरलात तर तो केंद्रशासित प्रदेश. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर दर सीमेवर वेगळी पावती फाडत बसावं लागत नाही.

करार. त्यात "कच्च्या रस्त्यावर नेऊ नये" अशी ओळ बहुधा असतेच. ती वाचा आणि पाळा.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे: जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्यायची आणि उद्यमबागेत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, आतलं काम करून घ्यायचं. तिथे पलंग, ओटा, टाकी सगळं मापात बसवून मिळतं. आरसीवर मात्र ते उद्यमबागेत चढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. माझ्या ओळखीच्या एकानं आधी काम केलं आणि मग आरटीओत गेला. त्याला अर्धं सामान उचकटावं लागलं. आधी अर्ज, मग वेल्डिंग.

४. बाइक कशी न्यायची

सोळाशे किलोमीटर बाइक चालवत जाऊन वर वाळूत खेळायचं, हे पंचविशीत जमतं. बाकीच्यांसाठी दोन पर्याय आहेत.

पहिला पिकअपचा. बाइक उभी ठेवून रॅचेट पट्ट्यांनी पुढचा शॉकअप अर्धा दाबला जाईल इतकी ओढून बांधायची, दोन्ही बाजूंना सारखी. साइड स्टँडवर बांधलेली बाइक खंबाटकी घाट उतरेपर्यंत आडवी झालेली असते. आपल्याकडचे काही जण टेंपोला जुगाड ट्रेलर जोडतात. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी आणि नंबर लागतो, नाहीतर पहिल्याच नाक्यावर अडकाल.

दुसरा पर्याय रेल्वेचा. बंगळूर-जोधपूर एक्स्प्रेस आपल्या बेळगाव स्टेशनवरूनच जाते, आणि तिचा डबा बघितला तर निम्मी बाजारपेठ गावाला निघालीय असं वाटतं. तिला पार्सलमध्ये बाइक टाकता येते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. गोणपाट आणि पुठ्ठ्याचं पॅकिंग, आरसी व विम्याची प्रत आणि ओळखपत्र लागतं. अडचण एवढीच की जागा नसेल तर बाइक तुमच्या गाडीनं न जाता मागच्या गाडीनं येते. म्हणून चार-पाच दिवस आधी पाठवा. आरसे काढून आपल्याबरोबर घ्या. ते पार्सलमध्ये टिकत नाहीत. जोधपूरहून पुढचे पावणेतीनशे किलोमीटर बाइकनं करायचे, म्हणजे हात बसतो.

५. कागदपत्रं

- प्रत्येक गाडीची आरसी, विमा, पीयूसी. भाड्याच्या गाडीचं परमिट, फिटनेस आणि करारपत्र
- प्रत्येकाचं लायसन्स आणि मूळ आधार कार्ड (सीमेकडच्या चौक्यांवर झेरॉक्स चालेलच असं नाही)
- फास्टॅग, त्यात भरपूर शिल्लक. कोगनोळीला टोल भरताना जो आनंद होतो तो अहमदाबादपर्यंत किती वेळा होतो ते मोजा
- बाइक मित्राच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र
- बरोबर परदेशी नागरिक, म्हणजे तिकडचं नागरिकत्व घेतलेला पुतण्या वगैरे असेल तर सीमेकडच्या भागासाठी वेगळी परवानगी लागते. ती आधी काढा

ड्रोन घरी ठेवा. सीमेच्या पट्ट्यात तो उडवणं म्हणजे चौकशीला आमंत्रण. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं तर देशात कुठेच चालत नाही. परदेशातून कुणी "इमर्जन्सीला असू दे" म्हणून आणलेला असेल तर तोही नको.

आणि आता आपल्या भागातल्यांसाठी खास सूचना. गोवा दोन-अडीच तासांवर, त्यामुळे ट्रिप म्हटलं की कुणीतरी खोक्यात बाटल्या भरतोच. वाटेत गुजरात आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. "आम्ही फक्त पार होतोय" हे कारण चालत नाही. माणूस आत जातो आणि गाडीही जप्त होऊ शकते. भाड्याची गाडी जप्त झाली तर मालकाला काय सांगणार? निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या बॅगा उघडून बघा. मित्र रागावले तरी बघा.

६. पाणी आणि वजन

माणशी दिवसाला प्यायला चार-पाच लिटर, स्वयंपाक-भांडी-हातपाय धरून बारा लिटर. चार माणसं, पाच दिवस म्हणजे २४० लिटर. म्हणजेच २४० किलो! हे वजन कुणी धरत नाही. त्यात माणसं, सिलिंडर, हत्यारं, आणि पिकअप नसेल तर मागे कॅरिअरवर टांगलेली बाइक. एक्सपल्स दीडशे किलोच्या थोडी वर, हिमालयन जवळपास दोनशे.

निघायच्या आधी सगळं भरून गाडी वजनकाट्यावर घाला. आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. काट्यावरचा पोरगा चिठ्ठी देताना हसला, कारण आमची गाडी आरसीवरच्या मर्यादेपेक्षा १९० किलो जास्त होती. मग तिथेच उभ्या उभ्या दोन खुर्च्या, बारबेक्यूची जाळी आणि अर्धं पाणी उतरवलं. पाणी बेळगावहून न्यायचं कारणच नाही. जैसलमेरात भरा. तिथे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. निघताना टाकी पाव भरलेली पुरे.

वस्तीजवळ जमिनीत बांधलेले झाकणाचे टाके दिसतील. त्यात एखाद्या घराचं वर्षाचं पाणी असतं. विचारल्याशिवाय बादली बुडवू नका.

विजेचं गणित सोपं आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-तास. छोटा फ्रिज, दिवे आणि मोबाइल यांवर दोन दिवस निघतात. एसी लावला तर दोन तास. हिवाळ्यात एसी लागतच नाही, त्यामुळे "एसी चालतो का" म्हणून जास्त भाडं देऊ नका. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर निम्मीच धरा.

गॅसचा पाच किलोचा सिलिंडर पुरतो. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. आणि कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी गाडीच्या आत घेऊन झोपायचं नाही. तिच्या धुरापेक्षा न दिसणारा, न वास येणारा कार्बन मोनॉक्साइड मारतो, आणि झोपेतच मारतो. जास्तीची रजई घ्या.

खाण्यात आपल्याकडची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गोकाकचं करदंट. कडक भाकरी आठवडाभर हलत नाही आणि वाळूत दुपारी दोनला चूल पेटवायची कुणाची इच्छा नसते. कुंदा नेलात तर ढाणीवर द्यायला न्या. आम्हाला बदल्यात बाजरीचा सोगरा (जाड भाकरी) आणि लोणी मिळालं.

७. रस्ता

आपल्या दारावरून जाणारा ४८ नंबरचा हायवेच पुणे, सुरत, बडोदा करत अहमदाबादला नेतो. पुढे मेहसाणा, डीसा, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. कॅम्परनं चार दिवस धरा:

- पहिला दिवस : बेळगाव ते लोणावळा, सुमारे ४०० किलोमीटर
- दुसरा : लोणावळा ते बडोदा, ४८० च्या आसपास. पहाटे चारला निघून उजाडायच्या आत ठाणे-घोडबंदर पार करा. हे चुकलं तर दिवस गेला
- तिसरा : बडोदा ते सांचोर, साडेतीनशेच्या वर
- चौथा : सांचोर ते जैसलमेर, तीनशेच्या आत

रात्री चालवायचं नाही. इकडे संकेश्वरपासून कराडपर्यंत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिकडे बाडमेरच्या पुढे गायी, नीलगायी आणि उंट. उंटाचे पाय लांब असल्यामुळे दिव्याच्या झोतात आधी फक्त चार काठ्या दिसतात, अंग वर अंधारात असतं.

डिझेल-पेट्रोल गुजरात सोडायच्या आधी फुल्ल करा. राजस्थानात महाग आहे. बाइकसाठी जास्तीचं पेट्रोल न्यायचं तर पत्र्याचा जेरीकॅन. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पंपवाले देत नाहीत.

८. सराव घरीच

वाळूत बाइक कशी वागते ते जैसलमेरात जाऊन शिकायचं नाही. सोयाबीन निघाल्यावर नांगरलेलं काळं रान मिळतं. ज्याचं आहे त्याला विचारून, पेरणीच्या आधी, दोन रविवार त्यात घाला. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, वजन जरा मागे आणि नजर लांब. पुढचं चाक सापासारखं वळवळतं, ते वळवळू द्यायचं. हँडल घट्ट धरून सरळ करायला गेलात की पडलात. ढेकळांत पडायला लागत नाही, फार तर शेतमालक हसतो.

९. तळ कुठे टाकायचा, बाइक कुठे चालवायची

आपल्या देशात "इथे खुशाल वाळूत गाड्या चालवा" म्हणून पाटी लावलेला प्रदेश शोधत बसू नका. आधी कुठे चालवायची नाही ते समजून घ्या.

जैसलमेर-बाडमेरच्या बाजूला ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क पसरलंय. माळढोकाचं ते शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालतो. चाकाखाली ते दिसणारही नाही. सम आणि खुडी ही प्रसिद्ध टेकड्यांची गावं याच हद्दीच्या आत-बाहेर आहेत, म्हणून हद्द कुठून जाते ते जैसलमेरच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारूनच घ्या. दुसरं म्हणजे ओरण: देवाच्या नावानं राखलेली रानं. खानापूरकडच्या देवराया ज्यांनी पाहिल्यात त्यांना समजावून सांगायची गरज नाही. तिसरं, लष्कराच्या सरावाचे गोळीबाराचे पट्टे. तिथे न फुटलेले गोळे पडलेले असू शकतात. तारेचं कुंपण तुटलेलं दिसलं म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही.

मग चालवायची कुठे? गावातल्या माणसाला बरोबर घेऊन, ज्याची जमीन आहे त्याला विचारून. माणूस शोधायला बेळगावच्या बाजारात मारवाडी दुकानदारांना विचारा. कुणाचा ना कुणाचा मेहुणा तिकडे असतोच. आमची सोय अशीच झाली. समच्या मुख्य टेकडीवर संध्याकाळी मुलंबाळं आणि उंट असतात. तिथे बाइक न्यायचीच नाही.

कॅम्पर उभा करायची जागा आधी पायी चालून बघा. टाच आपटा, खड्डा पडला तर जागा नको. तोंड वाऱ्याकडे, दार आडोशाला. चाकाखाली फळ्या घालून गाडी समतल करा, नाहीतर रात्रभर सगळे एका कडेला घरंगळतात. छत्रीसारखी उघडणारी कनात झोपताना गुंडाळा. वारा पहाटे न सांगता उठतो. संडासाची टाकी वाळूत ओतायची नाही. मुक्कामाच्या रिसॉर्टवाल्याला पैसे देऊन त्याच्याकडे रिकामी करा.

शेकोटीला खेजडीची फांदी तोडू नका. १७३० साली खेजडलीत याच झाडांसाठी ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. लाकूड विकत मिळतं.

१०. वाळूत

टायरची हवा कमी करा. बाइकला १५-१६ पीएसआय. ट्यूबचा टायर असेल आणि रिमलॉक (टायर रिमला धरून ठेवणारी पकड) नसेल तर त्याखाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व उपटला जातो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर हवाच, डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायला.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू सावकाश चढते. पलीकडची मात्र तीस-बत्तीस अंशांत एकदम तुटते. खालून ती तूट दिसत नाही. म्हणून चढाचा वेग पायथ्याशीच घ्यायचा, माथ्याशी थ्रॉटल सोडायचा आणि थांबून, चालत जाऊन, पलीकडे बघायचं. उडी मारायची नाही. एक माणूस माथ्यावर उभा ठेवा. आम्ही प्रत्येक बाइकला मागे कळकाची सहा फुटी काठी आणि नारंगी कापड बांधलं होतं. दिसायला वरातीतल्या घोड्यासारखं, पण पलीकडून येणाऱ्याला आधी काठी दिसते.

दुपारी बारा ते तीन बाइक उभी ठेवा. भर दुपारच्या उन्हात सावल्या कमी पडतात, त्यामुळे खड्डा आणि सपाटी सारखीच दिसते. एकट्यानं कुठे जायचं नाही. तीन बाइक असल्या तर उत्तम.

रुतलात तर थ्रॉटल पिळू नका. बाइक आडवी करा, चाकाचा खड्डा वाळूनं बुजवा, पुन्हा उभी करा, पहिल्या गिअरमध्ये बाजूनं चालत ढकला. क्लचचा जळका वास आला की थांबा, चहा करा.

साइड स्टँडखाली घालायला डब्याचं झाकण खिशात असू द्या. चेनला तेल कमीच. तेलाला वाळू चिकटली की ती कानशीसारखी दाते खाते. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झाडा. बूट घालताना आधी उलटे करून आपटा. विंचू आणि फुरसं तिथेही आहे. मदतीसाठी ११२, अँब्युलन्ससाठी १०८. नकाशा मात्र जैसलमेरातच फोनवर उतरवून घ्या.

११. परतल्यावर

बाइक पाण्याच्या प्रेशरनं लगेच धुऊ नका, वाळू बेअरिंगमध्ये जाते. आधी हवेनं उडवा. इंजिन ऑइल, फिल्टर बदला, ब्रेक पॅड काढून बघा. कॅम्पर परत द्यायच्या आधी गाद्या झटका. आमच्या गादीतून निघालेली वाळू एका दुधाच्या तांब्यात मावली नाही.